शिवगंगेचे दगड

पाळीवर उभ्या शिवगंगेनं फेकलेला दगड होडीच्या बुडात ठण्णकन आपटला, तसा आत वाकून रंधा मारणारा मुनवर उभा राहिला. कपाळावरचा भुसा पुसला आणि पुन्हा खाली वाकला.

"बोल की! बापावानी मुका झालास व्हय?"

मुनवर सुतारानं रंधा पुढं रेटला. रोज सकाळी ती ओटीत दगड घेऊन तळ्याच्या पाळीवर यायची आणि ओटी रिकामी होईपर्यंत उभी राहायची.

होडी शर्यतीची. हैदराबादेत साहेबलोकांच्या शिडाच्या होड्या पाहून आलेल्या जहागीरदारानं ती मुनवरच्या बापाकडून, चाँदपाशाकडून, अस्सल सागात बांधून घेतली होती. लांबट, निमुळती, वाऱ्याच्या आधी पोचणारी. सुकाणू शिवगंगेच्या नवऱ्याच्या, उत्तरेश्वरच्या हाती. एका वैशाखात पाहुण्याशी पैज लागली. उन्हानं फळ्या आकसून बोट जाईल एवढ्या चिरा पडल्या होत्या. उत्तरेश्वर म्हणाला, होडी आधी बुडवून ठेवा, लाकूड पाणी पिऊन फुगू द्या. जहागीरदाराला दम नव्हता. चाँदपाशानं "जी सरकार" म्हणत चिरांत कापूस कोंबला, वरून मेण फिरवलं. भर तळ्यात ते सुटलं. शिडाच्या दोरात पाय अडकलेला उत्तरेश्वर होडीसंगंच खाली गेला.

होडी तेवढी माघारी आली.

तेव्हापासून शिवगंगेनं या तळ्याचं पाणी भरलं नाही. जात्यावर बसली की ओवी यायची ती एकच:

तळ्या, तुजं गोड पानी, कशी बुडवू घागर
माज्या कुकवाच्या धन्याचं तुज्या तळाशी हाय घर

आता जहागिरी गेली होती. तळ्याकाठच्या गोठ्यात उपडी पडलेली होडी नव्या सरकारी साहेबाच्या नजरेला पडली आणि येत्या सव्वीस जानेवारीला ती शिडं लावून पळवायचं त्यानं मनावर घेतलं.

साहेबाचा शिपाई ज्ञानोबा पाळ चढून आला तेव्हा शिवगंगेच्या ओटीत एकच दगड उरला होता.

"परवाच सोडायची पाण्यात. बडी माणसं यायलेत," ज्ञानोबा म्हणाला. "चिरांत कापूस घाल, मेण लाव, वरून रंग फास. बुडाखाली कोण बघतंय?"

शिवगंगा हसली. ते हसू ऐकून ज्ञानोबा मागं सरला.

"लाव की मेण! घराण्याचा धंदाच हाय तुजा. म्हण, जी सरकार!"

मुनवरनं रंधा खाली ठेवला. होडीला खांदा लावला. ओंडक्यांवरून होडी ढकलायला ज्ञानोबानंही खांदा दिला. काम फत्ते झालं, असंच त्याला वाटलं. कंबरभर पाण्यात होडी थांबली. चिराचिरांतून पाणी आत झिरपू लागलं.

मग मुनवर गोठ्यात गेला. कोपऱ्यात दगडांची रास होती. शिवगंगेनं फेकलेला एकही दगड त्यानं टाकून दिला नव्हता. पाटी भरभरून तो ते होडीत ओतू लागला. होडी कलली, काठांवरून पाणी शिरलं, आणि ती खाली जाऊन बसली.

"आरं बुडाली! येडा का खुळा तू?" ज्ञानोबा ओरडला. "साहेबाला काय सांगू?"

"परवा न्हाय, म्हणून सांगा. पानी पिऊ द्या तिला."

ज्ञानोबा शिव्या देत गेला. पाण्यावर बारीक बुडबुडे येत होते. शिवगंगा त्यांच्याकडं बघत राहिली.

"किती दिस?"

"लाकूड सांगंल, काकी." मुनवर पाण्यातच उभा होता, पाठमोरा. "अब्बाला ठावं होतं. सगळं ठावं होतं."

तिचा हात वर गेला. दगड त्याच्या पाठीवर बसला असता. तो हलला नाही. बराच वेळ हात तसाच राहिला. मग ती पाण्यात उतरली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. होडीजवळ गेली, वाकली, आणि हातातला दगड इतरांवर ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी मुनवर शिडाची काठी आणायला बेंबळी गावाला गेला होता. ज्ञानोबा दोन बैलजोड्या आणि ओढायला सोलाचा जाड दोर घेऊन पाळीवर आला, तर शिवगंगा आधीच तिथं बसलेली. ओटी भरलेली.

"मावशी, बाजूला व्हा. साहेबाचा हुकूम हाय, होडी वर काढायची."

तिनं ओटीतले दगड एकेक करून शेजारी मांडले. त्यातला एक उचलून हातात तोलून पाहिला.

"लाव होडीला हात."

बैलांच्या घुंगरांचा आवाज पाळीवरच थांबला.