सातव्या दिवसाची मोजणी

थोरल्या सुनेची नोकरी बियाणे तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे, कागदाची गुंडाळी उबदार कपाटात ठेवायची आणि सातव्या दिवशी उघडून किती उगवले ते मोजायचे. दाणा टपोरा दिसतो म्हणून तो उगवेल असे तिथे कुणी धरून चालत नसे. गुंडाळी मधेच उघडली तर नमुना बाद होई. सोळा वर्षांत तिने एकदाही मधे उघडली नव्हती.

हीच बाई सहा वर्षे नवऱ्याच्या वीर्यतपासणीच्या एका अहवालापुढे मान तुकवून बसली होती. संख्या उत्तम, हालचाल उत्तम, असे त्यात लिहिले होते. म्हणजे दाणे मोजले होते आणि ते पळतात हे पाहिले होते. आत काय आहे ते पाहण्याची गरज कुणाला भासली नव्हती. या सहा वर्षांत तिचे चार गर्भ गेले. तिचे रक्त, तिचे गर्भाशय, तिची झोप, तिचा स्वभाव, सगळ्याची तपासणी झाली. पुरुष बीज आणि बाई शेत ही उपमा ज्यांनी कधीकाळी बसवली, त्यांनी मोठ्या दूरदृष्टीने एक सोय करून ठेवली आहे: पीक बुडाले की पंचनामा शेताचाच होतो. सासूबाईंनी असले ग्रंथ वाचले नव्हते. निष्कर्ष मात्र त्यांना मुखोद्गत होता. खाण तशी माती, असे त्या भाजी निवडताना म्हणत, आणि कुणाला म्हणत ते भाजीलाही कळे.

चौथ्या खेपेनंतर एका नव्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचेही रक्त मागितले आणि नंतर नवऱ्याचे वीर्य पुन्हा तपासायला पाठवले. गुरुवारी त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितले, ते असे. नवऱ्याच्या पेशींत दोन गुणसूत्रांचे शेंडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटले होते. हरवले काहीच नव्हते, म्हणून तो स्वतः ठणठणीत होता. पण शुक्राणू घडताना निम्मीच गुणसूत्रे पुढे जातात, आणि त्या वाटणीत एखाद्याच्या पदरात एक तुकडा दुप्पट पडतो, दुसरा पडतच नाही. प्रयोगशाळेने एक हजार शुक्राणू चमकत्या रंगांनी रंगवून ठिपके मोजले होते. पाचशे चौऱ्याऐंशींत वाटणी चुकलेली होती.

थोरलीने सवयीने टक्केवारी काढली. बियाण्याचा असा लॉट तिने कधी मंजूर केला नसता. याउपर तिला काही वाटायला हवे होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पण काही वाटले नाही.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा दोष बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो, तेव्हा भावानेही तपासून घ्यावे. त्याच्यातही असण्याची शक्यता निम्मी. भाऊ एकच होता, धाकटा, आणि त्याची बायको नऊ आठवड्यांची गरोदर होती.

नवऱ्याने कागदाची चौघडी करून खिशात घातली. भावाला मीच सांगतो, फक्त थोडे दिवस दे, असे तो म्हणाला. किती, हे तिने ठरवले: सात. आणि मुदत एकदा दिल्यावर ती मधे उघडायची नाही, हेही तिने सवयीनेच ठरवले.

शुक्रवारी दोघे भाऊ गळका नळ दुरुस्त करत तासभर मोरीत बसले आणि वॉशरविषयी सविस्तर बोलले. रविवारी नवऱ्याने आईला सांगितले. सासूबाईंनी शांतपणे उत्तर दिले की थोरल्याच्या आधी त्यांचीही दोन गेली होती, तेव्हा कुणी असा बोभाटा केला नव्हता. धाकट्या सुनेच्या कानावर काही घालायचे नाही. कर्तव्यापासून सुटायला आईची आज्ञा मिळावी, याहून सोयीचे ते काय! नवरा त्यानंतर बराच मोकळा झाला.

सोमवारी धाकटी कपडे वाळत घालताना म्हणाली, "ताई, उलट्या एकदम थांबल्या हो. चांगलंच की, नाही?"

थोरली हो म्हणाली आणि उशीचा अभ्रा झटकला.

बुधवारी दुपारी धाकटीला रक्तस्राव सुरू झाला. संध्याकाळपर्यंत सगळे संपले होते. दवाखान्याच्या बोळात धाकटा बायकोच्या चपला हातात धरून उभा होता, थोरला भिंतीवरची भेटीच्या वेळांची पाटी पुनःपुन्हा वाचत होता, आणि सासूबाईंची चौकशी सुरू झाली होती: पडदे काढायला तिला स्टुलावर चढायला सांगितले कुणी?

आत धाकटी छताकडे पाहत होती.

"दोनच मिनिटं चढले होते, ताई. अशी बुद्धी कुठून झाली मला."

"स्टुलाने काही होत नाही," थोरली म्हणाली. मग तिने सांगितले. नवऱ्याचा अहवाल, हजारातले पाचशे चौऱ्याऐंशी, भावाची निम्मी शक्यता. अहवाल वाचावा तसे, आवाज न बदलता. "तुझ्या नवऱ्यात ते असेल किंवा नसेलही. तपासल्याशिवाय त्याच्यामुळेच झालं, असंही म्हणता येणार नाही. पण तू काही केलं नाहीस. एवढं नक्की."

धाकटीने छतावरची नजर काढून तिच्याकडे पाहिले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गेल्या गुरुवारी."

"मी सोमवारी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

थोरलीने कारण दिले नाही. देण्याजोगे एक होते, सात दिवस पुरे झाले नव्हते, पण ते दाण्यांच्या कामाचे होते.

धाकटीने तोंड भिंतीकडे केले. "आता बाहेर जा आणि हे सगळ्यांना सांगा. आईंना पण. आणि दार उघडं ठेवा. मला इथपर्यंत ऐकू आलं पाहिजे."

थोरली उठली. तिने दार भिंतीला टेकेपर्यंत उघडले. बाहेर सासूबाई स्टुलाची उंची विचारत होत्या. नवरा गुरुवारपासून खिशातच बाळगत होता तो कागद तिने काढून घेतला, तो उलगडला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.