काहिलीवरचं नाक

गणपतराव सरांचं नाक पेठेत दोन कारणांनी गाजलेलं होतं. ते लांब होतं हे कारण त्यात धरलेलं नाही. लांब नाकं कोल्हापुरात पैशाला पासरी मिळतात.

पहिलं कारण इंग्रजी. सरांनी उभी हयात हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, पण धडे-कवितांत त्यांचा जीव कधी रमला नाही. त्यांचा जीव शब्द फोडण्यात. लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की भाजक्या शेंगेसारखा तो फोडायचे, आणि आतले दाणे लॅटिन निघाले की त्यांचा चेहरा सणासुदीसारखा व्हायचा. नाक हा तर त्यांचा हातखंडा धडा. फळ्यावर काही काढायचे नाहीत. स्वतःचं नाक चिमटीत धरायचे आणि सुरू.

"पोरांनो, लॅटिनमध्ये ह्याला म्हणायचं नासुस. आपली नासिका आणि ही नासुस, दोघी चुलत बहिणी. म्हणून इंग्रजीत नाकाचं ते नेझल. आत मधे पडदा हाय, सेप्टम. सेप्टम म्हणजे कुंपण. आणि त्या कुंपणात एक पातळ हाड हाय, व्होमर. व्होमर म्हणजे काय? नांगराचा फाळ!"

सरांचे वडील बिद्रीकडचे शेतकरी. त्यामुळे फाळापाशी आलं की सरांचा आवाज चढायचा. "म्हणजे बघा, लॅटिन बोलणारी माणसंबी आपल्यासारखीच शेतकरी. नाकात वाकून बघितलं तरी त्यास्नी फाळ आणि कुंपणच आठवलं की!"

ग्रीकांशी मात्र त्यांचं कधी पटलं नाही. ग्रीकांचं नाक म्हणजे ऱ्हायनो, आणि डॉक्टरांच्या इंग्रजीत एकाच नाकावर ही दोन्ही घराणी हक्क सांगतात. नेझोफॅरिंक्स या शब्दात नाक लॅटिनचं आणि घसा ग्रीकांचा. तिथे सर नाक मुरडायचे. "हे पळून जाऊन केलेलं लगीन. टिकलंय, पण पत्रिका जुळत न्हाय." त्यांचा लाडका शब्द नेझोलॅक्रिमल. अर्धा नाक, अर्धा अश्रू, दोन्हीकडून अस्सल लॅटिन. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरणारी बारीक नळी असते, तिचं हे नाव. "म्हणून माणूस रडला की त्याचं नाक वाहतं," सर सांगायचे. "डोळ्याचं दुःख नाक पोटात घालतं."

दुसरं कारण महाप्रसाद. गणपतीत पेठेतल्या मंडळाचा महाप्रसाद असतो आणि सारी पेठ जेवायला बसते. भात, आमटी, वांग्याची भाजी, गव्हाची खीर. नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी चव घ्यायची नाही, अन्न उष्टं होतं. मग मीठ बरोबर पडलंय की नाही हे कळायचं कसं? वासावरून. आणि तो वास घ्यायचा मान गणपतराव सरांचा. त्यांचा बालमित्र अल्लाउद्दीन हा मंडळाचा आचारी. तो आमटीच्या काहिलीवरचं झाकण सरकवणार, सर दोन पावलं पुढे येणार, हाताने वाफ नाकाकडे ओढणार, डोळे मिटणार. तेवढा वेळ स्पीकरसुद्धा बंद. मग सर म्हणणार, "बराबर," किंवा म्हणणार, "वाईच कमी हाय," आणि त्याप्रमाणे करून नैवेद्य निघणार.

निवृत्त झाल्यापासून सरांचं मत कुणी कशात विचारत नव्हतं. घरात भाजी कुठली आणायची हेसुद्धा नाही. वर्षातून एकदा मात्र अख्खी पेठ श्वास धरून त्यांच्या नाकाकडे बघायची, आणि त्या एका घटकेवर सर उरलेलं वर्ष काढायचे.

इथे कोल्हापूरचा एक स्वभाव सांगायला हवा. इथला माणूस जेवणाच्या बाबतीत कुणाची भीड धरत नाही. पेठेतल्या अंबूबाई तर त्यात सगळ्यांच्या वरताण. एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाला पंगतीत बोलावून घेतलं आणि विचारलं, "पावणं, ही आमटी हाय का हात धुवायचं पाणी?" संध्याकाळी पाठवणीच्या वेळी तो माणूस ढसाढसा रडला, त्यातलं निम्मं रडणं आमटीचं होतं.

तर यंदा आषाढात सरांना सर्दी-ताप झाला. ताप गेला, सर्दीही गेली, पण जाताना वास घेऊन गेली. कळलं ते असं की दूध उतू जाऊन पातेलं करपलं, सरांच्या पत्नी बयाबाई अंगणातून पळत आल्या, आणि सर शेगडीपासून हातभर अंतरावर निवांत पेपर वाचत बसलेले.

"नाक हाय का दुधी भोपळा?" बयाबाई कडाडल्या.

दुपारी घरात कुणी नाही बघून सरांनी हिंगाची डबी हुंगली. लसणाचा ठेचा हुंगला. उदबत्ती पेटवली. शेवटी स्वतःच्या चपला हुंगल्या. कशालाच काही नाही.

त्यांची नात क्रांती नाक-कान-घशाची डॉक्टर होत होती. ती रविवारी घरी आल्यावर सरांनी सहज विषय काढावा तसा काढला. "माझ्या एका मित्राला वास येईनासा झालाय म्हणे."

क्रांतीने त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीतून बॅटरी काढली आणि म्हणाली, "मित्राचं नाक जरा वर करा."

बराच वेळ ती आत बघत राहिली. "तुमचा फाळ डावीकडे वाकलाय, आजोबा. पण तो जुनाच दिसतोय, त्याने काही बिघडत नाही. वास सर्दीने गेलाय. येईल कदाचित. कदाचित नाही येणार. ह्याला म्हणतात ॲनॉस्मिया."

सर दचकले. "ग्रीक?"

"ग्रीक."

जन्मभर लॅटिनची चाकरी केली आणि दुखणं निघालं ग्रीक. हा घाव सरांना वास गेल्यापेक्षा खोल लागला.

"चवीचं काय?" त्यांनी विचारलं.

"खारट, गोड, आंबट, कडू हे जिभेचं काम. ती शाबूत आहे. बाकीची सगळी मजा नाकाची असते."

"मजेला घाल चुलीत. महाप्रसादाचं मीठ कसं बघायचं मी?"

क्रांतीला हसू आवरेना. "अहो आजोबा, मिठाला वासच नसतो."

"मग इतकी वर्षं मी काय हुंगत होतो?"

"वाफ."

पोरगी शिकली खरी, पण काहिलीपाशी कधी उभी राहिलेली नाही, अशी सरांनी मनाची समजूत घातली. पण ती नीट बसेना. तिला निघताना त्यांनी बजावलं, "ही गोष्ट तुझ्या-माझ्यात. कुणाला बोलायचं न्हाय." क्रांतीने मान डोलावली आणि फक्त आजीला सांगितलं. बयाबाईंनी गळ्याची शपथ घालून फक्त रोशनबीला सांगितलं. रोशनबी अल्लाउद्दीनची बायको. तिथून पुढचं सांगायला नको, आपलीही पेठ अशीच असेल. आठवडाभरात बातमी न पोचलेला पेठेत एकच माणूस उरला, आणि तो समजत होता की ती आपण झाकून ठेवलीय.

महाप्रसादाच्या दिवशी सर इस्त्रीचा सदरा घालून मांडवात आले. मंडळाचा अध्यक्ष सम्राट, सरांचा एकेकाळचा विद्यार्थी, मोबाइल धरून उभा होता. "सर, लाइव्ह हाय बरं का. दुबईस्नं बघालीत माणसं."

अल्लाउद्दीनने झाकण सरकवलं. स्पीकर बंद झाला. सरांनी वाफ ओढून घेतली, डोळे मिटले, आणि वाट पाहिली. त्यांना खरंच वाटत होतं की इथे, या काहिलीपाशी तरी ते येईल, जिरं-लसूण-कोथिंबिरीचं काहीतरी येईल. चेहरा ओला झाला. बाकी काही नाही. नुसती वाफ.

आता बोलायला हवं होतं. "बराबर" म्हणून मोकळं होणं सोपं होतं, आणि तिथेच सरांमधला मास्तर आडवा आला. ज्या वहीवर लाल शाईची एकही खूण नाही ती वही तपासलेलीच नसते, असं त्यांनी आयुष्यभर मानलेलं. नुसतं बराबर म्हटलं तर लोकांना शंका येईल. चूक काढली तर नाक शाबूत आहे हे सिद्ध होईल.

"कमी हाय," सर म्हणाले. "दोन ओंजळी पडूदेत."

अल्लाउद्दीन जागचा हलला नाही. खालच्या आवाजात म्हणाला, "सर, परत एकदा बघा की. आज मी लई बेतानं घातलंय."

वास गेला तरी नाकावरचा राग जागेवर होता. "अल्लाउद्दीन, आता तू मला शिकवणार व्हय?"

अल्लाउद्दीनने सम्राटकडे पाहिलं. सम्राटने बयाबाईंकडे पाहिलं. बयाबाईंनी गणपतीकडे पाहिलं, तो नेहमीसारखा समोर बघत बसलेला. मग अल्लाउद्दीनने मिठाच्या पोत्यात हात घातला, ओंजळ भरली, आणि ज्या आमटीवर त्याचं सगळं नाव उभं होतं तिच्यात ती रिकामी केली. मग दुसरी.

नैवेद्य झाला, पंगत बसली. सरांना मानाचं पान, शेजारी बयाबाई, समोर अंबूबाई. सरांनी भात कालवला, पहिला घास तोंडात घातला, आणि जीभ, ती शाबूत असलेली जीभ, टाळ्याला चिकटली. खारट. समुद्राचं पाणी पिऊन आल्यासारखी खारट.

आता बॉम्ब फुटणार म्हणून सर मान खाली घालून बसले. फुटेना. त्यांनी हळूच डोळे वर केले. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं जेवत होती. कुणी बोलत नव्हतं. कोल्हापुरात हजारभर माणसं आमटी ओरपतायत आणि कुणी एक शब्द बोलत नाही, हे सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी वाढणारे तेवढे धावत होते. पिंप संपलं, दुसरं आलं, तेही तळाला गेलं. पलीकडे सम्राट उभा राहून जेवत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं, तरी सरांकडे बघून त्याने अंगठा वर केला. "एक नंबर, सर!"

सरांनी शेवटची आशा म्हणून अंबूबाईंकडे पाहिलं. नवरीच्या बापाला रडवणारी बाई. आता तरी ओरडा, आणि सोडवा मला. अंबूबाईंनी भुरका मारला, डोळे गच्च मिटले, तांब्याभर पाणी प्यायल्या, आणि परत भुरका मारला.

तेव्हा सरांना कळलं. अल्लाउद्दीन "बेतानं घातलंय" का म्हणाला ते कळलं. पेठेतला फुलवाला गेले कित्येक दिवस नेहमीसारखा निशिगंध त्यांच्या नाकाशी धरून "बघा सर, कसला वास हाय" असं का म्हणत नाही, तेही कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. लाज त्यांच्या कानशिलापर्यंत चढली. ते पानावरून उठून उभे राहिले.

"ऐका," सर म्हणाले. वर्गातला आवाज काढायला गेले, पण तो फाटला. "आमटी खारट झालीया. चूक माझी हाय. मला वास येत न्हाय. आषाढापासनं येत न्हाय. मी लपवून ठेवलं."

काहिलीपाशी उभा असलेला अल्लाउद्दीन ओरडला, "सर कायबी सांगालेत! मीठ माझ्या हातनं पडलंय. आणि कोण म्हणतंय खारट?"

"कोण म्हणतंय?" पंगतीतनं दोघं-तिघं म्हणाले.

"बराबर हाय की!" सम्राटचा आवाज.

"बराबर हाय," मागून कुणीतरी.

सर अंबूबाईंकडे वळले. "अंबूबाई, तुमी तरी खरं बोला. तुमी कवा खोटं बोलला न्हाईसा."

अंबूबाईंनी ओठांवरून पदर फिरवला. अख्खी पेठ त्यांच्याकडे बघत होती. "खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मीठ बराबर हाय. तिखट वाईच जास्त पडलंय, त्यानं डोळ्याला पाणी यायलंय सगळ्यांच्या. तुमच्याबी येईल. लाजायचं कारण न्हाय. बसा खाली, पानावरनं उठू नये."

सर बसले. आयुष्यभर शब्द फोडले, पण या बाईचा शब्द त्यांना फोडता आला नाही. डोळे भरले, आणि डोळ्यांत मावलं नाही ते त्या बारीक नळीने खाली उतरलं. दोन महिन्यांत काडीचं काम न केलेलं नाक वाहू लागलं.

बयाबाईंनी रुमाल पुढे केला. "तिखट लागलं व्हय?"

"व्हय," सर म्हणाले. "लई तिखट हाय." त्यांनी नाक पुसलं, आणि आमटीचा वाढपी समोरून पुढे निघाला होता त्याला हात करून थांबवलं.