दिवेलागणीचा खवा

शिवप्रिया नुकतीच डॉक्टर झाली होती. बेंबळीला घरी आली, तर आईनं पेढ्याआधी तक्रारच हातात दिली. "तुझ्या अप्पांनी म्हैन्यात तीनदा खवा करपवला. आता संध्याकाळची भट्टी बंद करा म्हणलं, तर तोंड फिरवून बसलेत."

तीस वर्षं पेटती असलेली भट्टी! ती बंद झाली की मल्लिनाथअप्पाही विझणार, हे शिवप्रियाला पक्कं ठाऊक होतं.

लहानपणी दिवेलागणीला ती अंगणातल्या परातीतून गरम खवा पळवायची आणि दरवेळी अप्पांच्या तावडीत सापडायची. त्या संध्याकाळी जुनी खोड उफाळून आली. तिनं अप्पांच्या समोरच गोळा उचलला. अप्पा गप्प. दुसरा उचलला, तरी गप्प. मग मात्र तिनं तो गोळा परत परातीत ठेवला.

"अप्पा, तुम्हाला दिसत न्हाय?"

"दिवसा लख्ख दिसतंय. अंधारलं की घोटाळा होतोय. रोज किलोभर गाजरं खातोय की!"

"आन् बाकी काय खाता?"

आता आईच बोलली. लेक डॉक्टर व्हावी म्हणून महादेवाला नवस बोलून अप्पांनी दूध, तूप, तेल, डाळ सगळं सोडलं होतं. सहा वर्षं स्वतःचा खवा जिभेला लावला नव्हता.

"अवो, पण मी झाले की डॉक्टर!"

"म्हणलं, तुझा दवाखाना निघूस्तोवर चालू ठेवावं."

हसावं की रडावं, शिवप्रियाला कळेना. तिनं दोन्ही केलं.

रक्त तपासलं. अ जीवनसत्त्व तळाला गेलेलं, प्रथिनंही तशीच. "अप्पा, गाजरातलं जीवनसत्त्व अंगी लागायला तेल-तूप लागतं. यकृतात साठलेलं डोळ्यापत्तोर न्यायला प्रथिनांचा टेम्पो लागतो. डाळ-दूध बंद, मग टेम्पो कुठनं येणार? माल भट्टीवर पडून, दुकानात ठणठणाट."

हे अप्पांना चटकन पटलं. खव्याचा पहिला गोळा महादेवाला ठेवला, दुसरा तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाले, "लई झ्याक करतोय की रं म्या!"

औषध सुरू झालं, ताटात वरण आलं. दोन महिन्यांनी शिवप्रिया पुन्हा आली. दिवेलागण झाली होती. अप्पा कढईत उलथणं फिरवत होते. ती पाय न वाजवता परातीपाशी गेली आणि हात पुढं केला.

"ए डाक्टरीण! हात काढ तिथनं!"

ओरडा खाऊन इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता. तिनं हात काढला नाही.