ड्यूईचं जेवण

सकाळपासून व्हर्लीन फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. मुलींच्या जेवणासाठी किराणा घेता येणाऱ्या सरकारी कार्डाच्या वार्षिक तपासणीचा फोन यायचा होता. महिन्यापूर्वी भाऊ ड्यूई तिच्याकडे राहायला आला होता. तो एकत्र जेवतो असं ठरलं, तर त्याचा पगार धरून कार्ड बंद झालं असतं.

"वेगळं शिजवतो म्हणून सांग ना, ताई. फ्रीजमध्ये माझा कप्पा वेगळाच आहे."

"हो, बिअरचा! आणि माझ्या पातेल्यातल्या बीन्स कोण संपवतं, भुतं?"

फोन वाजला. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, भाऊ तुमच्यातच जेवतात का?"

ड्यूई हातवारे करून नाही, नाही म्हणत होता. पण आणखी एक वर्ष फोन वाजला की दचकायचं, हे तिला नको होतं.

"जेवतो. रोज."

"मग त्यांचा पगार धरावा लागेल."

"धरा," ती म्हणाली आणि फोन ठेवून भावाकडे वळली. "ऐकलंस? शनिवारी दुकानात तू यायचंस, पाकीट घेऊन."

ड्यूईनं फ्रीज उघडून दुधाचा डबा हलवून पाहिला. मग हळूच म्हणाला, "दूध कितीला मिळतं गं हल्ली?"