गाळलेली मरणं

मनकर्णाला पोथीपेक्षा खून आवडायला लागले, याला कारण तिची लेक. पोटदुखीनं आईनं खाट धरली तशी रागिणीनं अमरावतीहून एक जाडजूड पुस्तक पाठवलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या खुनांचं, मराठीत आणलेलं. अकोल्याच्या बाजारात मळ्यातली शेवंती पोचवून आले की तिचे यजमान भगवंतराव खाटेजवळ बसून ते वाचायचे. काय रंगायची म्हणता बाई! धुकं, बग्ग्या, कुलूपबंद खोलीतलं प्रेत, सगळं तिला डोळ्यांसमोर दिसायचं. हवेलीच्या बागेतल्या माळ्यावर पोलिसांनी संशय घेतला, तर ती उठूनच बसली.

"फुलं लावनारा मानूस कायले खून करन जी? त्या वकिलाले धरा म्हना!"

"तू गुमान आयक ना वं," भगवंतराव म्हणायचे, पण त्यांनाही हसू फुटायचं.

मग अमरावतीत केलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आले. गाठ पोटभर पसरली होती, आता उपाय नव्हता. आईला काही सांगायचं नाही, असं बापलेकीनं ठरवलं. आतड्याला सूज आहे, औषधानं उतरेल, एवढंच तिला सांगितलं.

त्यांच्या घरात पोथीची एक रीत होती. कोणी मेल्याच्या जागी वाचन थांबवायचं नाही, काही बरं घडेपर्यंत पुढं न्यायचं. आता खुनाच्या पुस्तकात बरं घडतंय कुठं? तिथं माणसं पटापट मरत होती, आणि समोर बायको दिवसागणिक सुकत होती. मरण आलं की भगवंतरावांना थांबता येईना आणि तो शब्दही तोंडातून निघेना. ते गुपचूप पान उलटायला लागले. येडा माणूस! अशा पुस्तकातून मरण गाळलं तर उरतं काय?

एका दुपारी तिनं अडवलंच. "थांबा. ते खोकनारी मावशी कुठी गेली?"

"गावाले गेली."

"आन् तो म्हातारा बग्गीवाला?"

"गेला असन तोही कुठी."

"मंग पोलीस कायची चौकशी करून राह्यला?"

भगवंतरावांनी आणखी एक पान उलटलं. मनकर्णा त्यांच्याकडे बघत होती.

"पयला खून तुमी दात काढत वाचला. अमरावतीहून रिपोर्ट आले, आन् मंग पुस्तकात कोनी मेलंच नाही." तिनं पोटावर हात ठेवला. "सूज नाही ना जी माह्या पोटात?"

भगवंतरावांनी पुस्तक तोंडावर धरलं आणि लहान पोरासारखे रडले. तिनं त्यांना रडू दिलं. तिला स्वतःला भीती वाटत होती, पण डोळे कोरडेच राहिले.

तेवढ्यात रागिणीचा फोन आला. मनकर्णानं हात पुढं करून तो मागून घेतला.

"मी मस्त हाओ वं पोरी. सूज उतरून राह्यली. दिवाळीले येतो ना तुह्याकडं, राह्यतो चांगली महिनाभर." फोन ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "मले समजलं हे तिले सांगू नका. खचन पोरगी."

मग ती पुन्हा उशीवर टेकली.

"आता मावशीचं वाचा. कशी मेली, जवळ कोन होतं, सगळं वाचा."

भगवंतरावांनी पानं मागं उलटली, डोळे पुसले आणि वाचायला लागले. मावशी पहाटे गेली होती, भल्यामोठ्या हवेलीत, एकटी. तिच्याजवळ कोणीच नव्हतं.

"बिचारी," मनकर्णा म्हणाली, आणि तिनं भगवंतरावांचा हात धरला.