अर्धा इंच कमी

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय. साठ इंच लांबी, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या आणि रंग एके काळी पिवळा. आता तो कोणता आहे, यावर दुकानात एकमत नाही. आकडे मात्र सगळे शाबूत आहेत. फक्त सव्वीस आणि सत्तावीस जरा पुसट झालेत, कारण या गावातल्या निम्म्या कमरा कधी ना कधी तिथून गेल्या. त्या आता कुठे गेल्या आहेत हे मला माहीत आहे, पण मी कुणाचं गुपित फोडत नाही.

मला दुकानात आणलं ते मास्तरांनी. कारखान्यातून गुंडाळी होऊन आले होते, त्यांच्या गळ्यात पडले आणि मोकळा श्वास घेतला. मास्तरांची एक पद्धत होती. माप घेताना ते टेपच्या आत एक बोट ठेवत. "माणूस जेवतो, हसतो, कधी मोठ्यानं रडतो," ते म्हणत, "कपड्यानं त्याला अडवू नये." त्यामुळे त्यांचा शर्ट घातलेला माणूस लगेच ओळखू यायचा. तो ऐटीत चालायचा आणि पोटभर जेवायचा.

मास्तरांना एकच मुलगी. लहानखुरी, गोल चेहऱ्याची, म्हणून तिला सगळे बटण म्हणत. समोरच्या घरात एक मुलगा राहायचा, इतका हडकुळा की त्याचं नाव काडी पडलं होतं. काडी आणि बटण दिवसभर एकत्र. मास्तर जेवायला गेले की दोघं मला खुंटीवरून काढत. माझ्यावर त्यांनी काय काय मोजलं! मांजराची शेपटी, दुकान ते विहीर, एकमेकांची नाकं. एकदा नाकांवरून भांडण जुंपलं आणि दोघांनी माझं एकेक टोक धरून जी ओढाओढ केली, त्यात माझे धागे सैल झाले ते कायमचे.

तेव्हापासून मी ताणलेली आहे. छातीएवढं माप घेतलं की माझ्यावर खऱ्यापेक्षा अर्धा इंच कमी दिसतो. मास्तरांच्या हे आठवड्याभरात लक्षात आलं. दुसरा कुणी असता तर मला कचऱ्यात टाकून मोकळा झाला असता. पण त्यांना माझी सवय झाली होती. "अर्धा मिळवायचा, झालं," असं म्हणून त्यांनी मला पुन्हा गळ्यात घातलं. पुढे बटण शिवायला शिकली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला हे सांगून ठेवलं. काडीला सांगायचं कुणाला सुचलंच नाही.

काडीला सैनिक व्हायचं होतं. भरतीत छाती बत्तीस इंच लागायची. अठरावं लागल्यापासून तो रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारायचा, घामाघूम होऊन दुकानात यायचा आणि हात वर करून उभा राहायचा.

"बघ गं किती झाली."

"साडेएकतीस," बटण म्हणायची.

माझ्यावर साडेएकतीसच दिसत होते, त्यामुळे ती खोटं बोलत नव्हती. तिने फक्त अर्धा मिळवला नाही.

भरतीच्या आदल्या दिवशीही तेच. "अर्धा इंच कमी आहे. यंदा नको जाऊस," ती म्हणाली. बिचारा तोंड पाडून घरी गेला. तिने मला घडी करून खणात ठेवलं. मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली. मला तोंड असतं तर मी बोलले असते की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही.

पुढच्या वर्षी माझ्यावर बत्तीस दिसले आणि तो गेला. निवड होऊन नाचत परतला. "मास्तर, तिथल्या टेपवर साडेबत्तीस भरली!"

"भरणारच की," मास्तर काज करता करता म्हणाले. "आपली अर्धा इंच कमी दाखवते. बटणाला माहीत आहे."

काडीने बटणाकडे पाहिलं. ती मान खाली घालून कापडावर खडूची रेघ ओढत राहिली, ओढलेल्या रेघेवरूनच पुन्हा पुन्हा. त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष कुठे गेलं ते त्याला कळलं. तो तसाच बाहेर पडला आणि आठवड्याने गाव सोडून गेला. निरोपही घेतला नाही.

त्यानंतर चौदा वर्षं गेली. मास्तरांची नजर अधू झाली, कात्री बटणाकडे आली आणि मीही तिच्या गळ्यात आले. तिला मागण्या आल्या. तिने एकेकाला असं काही नाकारलं की नकार आपणच दिला असं वाटून तो परत जायचा. गल्लीतल्या मावश्या विचारून थकल्या. दुकान मात्र झकास चाललं. मापात तिचा हात कोणी धरू शकत नसे. अर्धा इंच ती न विसरता मिळवायची.

मग एका मंगळवारी सकाळी दारात एक माणूस आला. उंबऱ्याशी थांबून त्याने बूट इतके काटेकोरपणे शेजारी शेजारी ठेवले की मी मनात म्हटलं, हा सैन्यातला. काडी म्हणावं असं त्याच्यात काही उरलं नव्हतं. पण बटणाने त्याला पाहिलं आणि तिच्या गळ्यातली नस माझ्याखाली धाडधाड उडू लागली. त्यावरून मी ओळखलं.

"कोट शिवायचाय," तो म्हणाला. "नोकरी पुरी करून आलोय. सोमवारी मोठ्या शहरात मुलाखत आहे. कारखान्यात सुरक्षा अधिकारी."

"शुक्रवारी घालून बघायला ये. शनिवारी मिळेल."

चौदा वर्षांनी एवढंच! मला दोघांनाही एकेक फटका द्यावासा वाटला.

"घरी सगळे बरे?" कोपऱ्यातून मास्तरांनी विचारलं. "बायको, मुलं?"

"कुणी नाही, मास्तर. राहूनच गेलं."

"मग एवढ्या लांब कशाला जातोस? शाळेला चार महिने व्यायामाचा शिक्षक मिळत नाहीये. पोरं नुसती मैदानात लोळतात."

माप द्यायला उभा राहिला तो थेट सावधानमध्ये. छाती पुढे, पोट आत, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"श्वास सोड," बटण म्हणाली.

"सोडलाय."

"खोटं बोलू नकोस."

शब्द तोंडातून गेला आणि कोपऱ्यात मास्तरांची सुई थांबली.

बटणाने माझ्यावरचा आकडा पाहिला. "साडेसदतीस," ती म्हणाली, आणि मग मुद्दाम मोठ्याने, "अधिक अर्धा. अडतीस." "तेव्हा मी तो मिळवला नाही. तुझं एक वर्ष मी खाल्लं. तू जाऊ नयेस म्हणून केलं, पण ते चूकच होतं."

"मला वाटलं होतं, मी त्या लायकीचा नाही असं तुला वाटतं," तो कॅलेंडरलाच सांगत होता. "जाऊ नको, असं सरळ म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर थांबला असतास?"

"नाही," तो म्हणाला. "पण पत्र लिहिलं असतं."

आणि तेवढ्यात त्याचा श्वास सुटला. सदतीस झाले. बटणाने डोळे पुसले, वहीत नवा आकडा लिहिला. "अधिक अर्धा, साडेसदतीस. हे खरं माप," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस माझ्या जिवाला घोर लागला. कोट बिघडवणं तिच्या हातात होतं. बाही आखूड केली असती, खांदा तिरका कापला असता, तर सोमवार हुकला असता. मी स्वतः तर, माप चुकावं आणि तो राहावा म्हणून, कापताना दोनदा मुद्दाम टेबलावरून घसरून पाहिलं. तिने मला उचललं, सरळ केलं आणि पुन्हा मोजलं. असा कोट तिने आजवर कुणाला शिवला नव्हता. आणि आत, मास्तरांच्या पद्धतीने, एका बोटाची जागा.

शुक्रवारी त्याने तो चढवला. मास्तरांनी उठून शिवणींवरून हात फिरवला. "नाव ठेवायला जागा नाही," ते म्हणाले. बटण हसली, पण तिची मूठ माझ्या टोकावर घट्ट आवळलेली होती. माणूस आता जाणार, आणि तोही तिच्याच हातचा कोट घालून.

तो आरशात पाहत राहिला. मग म्हणाला, "छातीत तंग होतोय."

"शक्यच नाही!" बटण उसळली. कामाला नाव ठेवलेलं तिला खपत नाही.

"मी दाखवतो." त्याने मला तिच्या गळ्यातून काढलं आणि कोटाच्या आतून छातीभोवती गुंडाळलं. "हे बघ. सदतीस. अर्धा इंच कमी आहे."

"अरे, अर्धा मिळवायचा असतो! परवाच सांगितलं ना?"

"मी नाही मिळवणार," तो म्हणाला. "अर्धा इंच कमी आहे. यंदा काही जाणं जमत नाही."

बटण त्याच्याकडे बघतच राहिली. मग खुर्चीत बसली आणि इतकी हसली, इतकी रडली, की तिच्या ब्लाऊजचा हूक तुटला. सोमवारी तो कोट शाळेत मुलाखतीला गेला. तीन महिन्यांनी त्यांच्या लग्नालाही तोच गेला.

आता बटणाच्या गळ्यात नवी टेप आहे. पांढरीशुभ्र, एका बाजूला सेंटिमीटर, भारी नखरेल. काडीच्या, म्हणजे आता शाळेतल्या गुरुजींच्या, हाताखाली पळणारी पोरं-पोरी भरतीआधी दुकानात माप द्यायला येतात, तेव्हा तीच टेप लागते. मला आरशाशेजारच्या खुंटीवर टांगलंय. मला टाकून द्यायचा विषय एकदाच निघाला, तेव्हा गुरुजींनी डोळे असे वटारले की पुन्हा कुणी काढला नाही.

माझं आता फार मागणं नाही. आठवड्यातून एकदा धूळ झटकावी, इतकंच. आणि तुम्हाला कुणी कधी अर्धा इंच कमी मोजलं, तर रागावून गाव सोडण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, की बाबा रे, मी जाऊ नये असं तर तुला म्हणायचं नाही ना? आमच्याकडे हे विचारायला चौदा वर्षं लागली. परवा त्यांच्या धाकट्या लेकीला शाळेचा झगा शिवायला घेतला, तेव्हा गुरुजींनी हट्टाने मलाच खाली काढलं. बटण माप घेत होती आणि तो शेजारी उभा राहून सारखा म्हणत होता, "अगं, अर्धा मिळवलास ना?"