सीटखालची ट्यूब

"पाच जणांनी शर्यत पुरी केली तरच गुण," नोंदणीच्या टेबलावरची बाई म्हणाली. "अकराच्या आत. अकरा वाजून एक मिनिट झालं की मी वही मिटणार."

आम्ही होतो बरोबर पाच. मी, कुआनिश, लहान चाकांच्या जुन्या सायकली घेऊन आलेले इथले, तेकेलीतलेच दोघे भाऊ आणि ओराझगाली आगाय. मास्तरांना आमच्याकडे आगाय म्हणतात; हे भूगोलाचे, निवृत्त, वय सदुसष्ट. पाचवा मिळेना म्हणून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं, म्हणजे या टेबलावरच्या बाईनंच, त्यांना घरातून उठवून आणलं होतं.

कुआनिश हसत म्हणाला, "झानदोस, तूही आलास? गुण गोळा करायला?"

"हवा खायला आलोय," मी म्हणालो.

खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट होत होता. अल्माटीत साठ जणांत धाप लागेपर्यंत सायकल मारून सातवा आलो की मला बारा गुण. हा गृहस्थ कुठल्या तरी आडगावी पाच जणांत पहिला येणार आणि चाळीस घेऊन परतणार. त्याचं खिडक्यांचं दुकान आहे, वाटेल तेव्हा कुलूप लावतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. शनिवारी कुणाची आजी सातव्या मजल्यावर अडकली की माझी शर्यत तिथेच संपते. बायको म्हणायची, "दिवसभर तोंडात कुआनिशचंच नाव. त्याच्याशीच लग्न करायचं होतंस!"

महिन्याभरानं मोसमातली शेवटची शर्यत होती. तिथे गुणांप्रमाणे उभं करतात, एका रांगेत आठ. दोनशे मीटरवर वाट झाडांत शिरते आणि इतकी अरुंद होते की आधी शिरेल तो पुढे, बाकीचे त्याची पाठ बघत येतात. सोळा वर्षं मी पाठीच बघत होतो. या वर्षी यादीत मी आठवा होतो. कुआनिश नववा, माझ्याहून फक्त सहा गुणांनी मागे. तेकेलीत पहिल्याला चाळीस, दुसऱ्याला तीस. म्हणजे त्याला माझ्या पुढे राहू द्यायचं नव्हतं, बस.

पण तो राहिला. पहिल्याच चढावर माझ्या नाकावर टिच्चून गेला. दुसऱ्या फेरीत तर तो वळणांमध्ये दिसेनासाही झाला. मी त्याला शिव्या घालत पेडल मारत होतो, तेवढ्यात ओढ्यापाशी आगाय दिसले. सायकल उलटी ठेवून बसले होते. मागचं चाक बसलं होतं.

"धाकट्या, एखादी ट्यूब आहे का रे?"

माझ्या सीटखालच्या पिशवीत होती. बायकोच्या केसांच्या हिरव्या रबरानं गुंडाळलेली, कोरी. थांबलो असतो तर एक मिनिट गेलं असतं. मागचे दोघे भाऊ इतके मागे होते की माझा दुसरा नंबरही गेला नसता. पण आगाय पोचले नाहीत तर पाच होत नाहीत, आणि पाच झाले नाहीत तर कुआनिशला काही मिळत नाही. एवढा हिशेब मी सायकल न थांबवता केला.

"नाही हो, आगाय."

"असू दे, असू दे. जा तू, वेळ घालवू नकोस."

अकरा वाजून चार मिनिटांनी ते सायकल हातानं ढकलत आले. बूट ओढ्याच्या पाण्यानं भरलेले. बाईनं वही मिटली होती. आगाय आम्हा चौघांसमोर टोपी काढून उभे राहिले.

"तुमच्या सगळ्यांचं वाटोळं केलं रे मी. तुम्ही दोघं तर इतक्या लांबून आलात."

"सोडा हो, आगाय! या, चहा घ्या," कुआनिश म्हणाला. मग खाली बसून त्यानं त्यांचं चाक काढलं आणि आपली ट्यूब घातली. मी किटलीपाशी उभा होतो. तेव्हाही मला त्याचा रागच आला. चांगुलपणाही मेला पहिल्या नंबरानंच करणार!

शेवटच्या शर्यतीला मी पहिल्या रांगेत, अगदी कडेला उभा होतो. कुआनिश बरोबर माझ्या मागे. शिट्टीला दोन मिनिटं उरली होती. दोरीखालून वाकून कुणीतरी आत आलं. आगाय. पहाटेची बस धरून आले होते.

"तुझ्याचसाठी आणलीय," म्हणत त्यांनी कोटातून नवी ट्यूब काढली. "त्या दिवशी तुझ्याकडेही नव्हती ना. ही वाट वाईट आहे, रिकामं जाऊ नये. थांब, तू हात नको सोडूस, मी ठेवतो."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी पिशवीची चेन ओढली होती. आत हिरव्या रबरानं गुंडाळलेली ती कोरी ट्यूब होती. तिच्यावर तेकेलीची लाल धूळ साचली होती.

आगायांनी बोटानं तिच्यावरची धूळ पुसली. मग त्यांनी आपली ट्यूब त्या जुन्या ट्यूबच्या शेजारी नीट दाबून बसवली आणि चेन लावली.

"दोन असलेल्या बऱ्या," ते म्हणाले. "एक दुसऱ्या कुणाला द्यायला होते."

माझ्या पाठीवर थोपटून ते दोरीपलीकडे गेले.

शिट्टी वाजली तेव्हा माझा पाय जमिनीवरच होता. पहिली रांग गेली. कुआनिश मागून ओरडला, "झानदोस, निघ ना!" आणि माझ्या शेजारून पुढे गेला. मग तिसरी रांग गेली, मग चौथी.